तीन शिट्ट्यांचा अँटिव्हायरस

घरच्या संगणकासाठी हलका अँटिव्हायरस निवडायचा असेल तर सर्वप्रथम कुकर लावावा. डाळ-तांदूळ नेहमीचे, पाणी नेहमीचं, गॅस मोठा. बर्नर पेटेल त्याच क्षणी संगणकाचं बटण दाबावं. हे एकट्याने होत नाही. एक माणूस ओट्यापाशी, एक टेबलापाशी आणि मधे दारात ‘हां!’ म्हणायला तिसरा, एवढं मनुष्यबळ लागतं. मग वीजबिलाचं पान पडद्यावर दिसेपर्यंत किती शिट्ट्या होतात, ते वहीत लिहावं.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था साधारण हेच करते, फक्त कुकरशिवाय. फायली कॉपी करायला, झिप करायला, प्रोग्राम उघडायला अँटिव्हायरसमुळे किती जास्त वेळ लागतो, ते मोजते. जर्मनीतली एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. दोन्हींचे निकाल फुकट वाचायला मिळतात आणि ते जरूर वाचावेत. पण त्यांच्या प्रयोगशाळेत आमचा संगणक नाही, आणि आमचे अण्णाही नाहीत.

आम्ही बावधनचे. मुळशीतलं, पुण्याच्या चांदणी चौकाजवळचं बावधन. बैल जुंपून बगाड ओढतात ते बावधन वेगळं, ते तिकडे वाईजवळ. हा खुलासा आम्हाला दर रंगपंचमीला पाहुण्यांपुढे करावा लागतो. पण गेल्या वर्षी आमच्या बाहेरच्या खोलीतही एक बगाड उभं राहिलं. तिकडे निदान बैल बदलत राहतात. इथे चार जीबी रॅम नावाची एकच जोडी होती आणि ती चिखलात बसली होती. पहिल्या मोजणीत कुकर तिसऱ्या शिट्टीला उतरवला, निवला, भात वाढून झाला, तरी वीजबिल आलं नव्हतं.

अशा वेळी माणूस लगेच नवा अँटिव्हायरस शोधू लागतो. शोधू नये. आधी घरात किती आहेत ते मोजावं. अण्णांच्या संगणकात तीन निघाले. पहिला विंडोजबरोबर आलेला डिफेंडर. २०१२च्या विंडोज ८पासून तो घरातच असतो, वेगळा आणावा लागत नाही. दुसरा माझ्या भाच्याने ‘आजोबा, हा भारी आहे’ म्हणून टाकलेला. तिसरा पीडीएफ जोडायच्या एका फुकट सॉफ्टवेअरच्या मागे बसून आला. अण्णांनी ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश’ केलं होतं. “तो मान्य आहे का विचारत होता,” अण्णा म्हणाले, “नाही कसं म्हणायचं?”

बाहेरचा अँटिव्हायरस रुजू झाला की डिफेंडर बहुधा आपण होऊन बाजूला होतो. असा शहाणपणा उरलेल्या दोघांत नव्हता. एखादी फाइल उघडली की त्यातला एक तिला थांबवून तपासायचा. तपासायला तो स्वतः फाइल उघडतो, म्हणून दुसरा संशयाने पुन्हा तीच तपासायचा. नातीच्या बारशाचा एक फोटो बघायचा तर एवढी झडती. म्हणजे एक गेटपास, दोन वॉचमन, आणि दोघांनाही दुसऱ्यावरच संशय.

मग काढून टाकण्याची पायरी. इथे बावधनकरांना जन्मजात नाही, तरी २०२२पासूनचा अनुभव आहे. त्या वर्षी २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल सुमारे सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला. धुरळा उठला. धुरळा खाली बसला तर पूल बराचसा जागेवर. उरलेला मग पोकलेन लावून पाडावा लागला. अँटिव्हायरस ‘अनइन्स्टॉल’ करणं म्हणजे ती पहिली रात्र. पडदा एकदा काळा होतो, ‘आम्हाला सोडून का चाललात?’ अशी प्रश्नावली येते, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळाशेजारी तेच चिन्ह पुन्हा हजर. पोकलेनही मिळतो: बहुतेक कंपन्या स्वतःचं ‘रिमूव्हल टूल’ आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. ते तिथूनच घ्यावं, शोधयंत्राने दाखवलेल्या पहिल्या जाहिरातीतून नव्हे; नाहीतर एक पूल पाडताना दुसरा बांधून होतो.

भाच्याचा आणि पीडीएफवाला, दोघेही गेले. मोजणी: दोन शिट्ट्या.

आता प्रत्यक्ष निवड. पुणेकराला इथे अस्मितेचा प्रश्न येतो. क्विक हील आपलं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी १९९३मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली, धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, तो १९९५च्या सुमारास बाजारात आला आणि २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. अण्णांचा कल अर्थात तिकडे. सौ.चं म्हणणं, जे फुकट घरात आहे त्याला आधी कामाला लावा. भाचा फोनवरून तिसरंच नाव सांगत होता.

‘हलका’ म्हणजे काय, यावरही घरात एकमत नव्हतं. अण्णांच्या मते ज्याची फाइल छोटी तो हलका. हे मत फ्लॉपीच्या काळातलं. तेव्हा अख्खा अँटिव्हायरस १.४४ एमबीच्या चकतीवर मावायचा. आजचे बरेचसे हलके म्हणवणारे आपलं ओझं इंटरनेटवर ठेवतात. शंका आली की तिकडे विचारतात, उत्तर आलं की वागतात. आमच्याकडे वीज गेली की राउटर जातो, पण यूपीएसवरचा संगणक चालू राहतो. तेवढा वेळ रखवालदार असतो, पण त्याची डायरी सापडत नाही. म्हणून चाचणीच्या निकालात इंटरनेट नसतानाचा आकडा दिलेला असेल, तर तोही पाहावा.

वजनापेक्षा वेळ महत्त्वाची, हे मात्र अपघाताने कळलं. पूर्ण झडतीची वेळ रात्री दोनची ठरवलेली होती. अण्णा रात्री साडेनऊला मेन स्विचपासून सगळं बंद करतात. पाटबंधारे खात्यातली सवय. चुकलेली झडती मग सकाळी, नेमकी वीजबिलाच्या वेळी सुरू व्हायची. ती दुपारी दोनवर आणली. तेव्हा अण्णा झोपलेले असतात, पण संगणक चालू असतो, कारण ‘आता उठलो की लागेल’.

शेवटी डिफेंडरच ठेवला. सौ. जिंकली एवढंच त्याचं कारण नाही. पण तेही आहे.

रखवालदार जागा आहे का, हे तपासायला आयकार नावाची ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती पूर्ण निरुपद्रवी, पण बहुतेक सगळ्या अँटिव्हायरसांनी तिला चोर मानायचं ठरवलेलं आहे. नोटपॅडमध्ये ती चिकटवून सेव्ह केली. क्षणात फाइल गायब आणि कोपऱ्यात लाल चौकट. मागे उभ्या अण्णांनी तेवढंच पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की आमच्या घरात व्हायरस सापडला. दोघांनी पेनड्राइव्ह परत मागितले.

तरीही महिन्याभरात अण्णांना एका ‘कस्टमर केअर’चा फोन आला. स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः उतरवलं, स्वतः कोड वाचून दाखवला. कोपऱ्यात हिरवी खूण तशीच. तिची चूक नाही. ते सॉफ्टवेअर कचेऱ्यांतही वापरतात, विषाणू नव्हेच ते. सौ.ने राउटरची वायर उपटली आणि मी १९३० लावला. पैसे गेले नव्हते. अण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “माणूस मराठीत बोलत होता रे.”

एवढं करून दोन शिट्ट्या राहिल्याच. संगणक उघडणाऱ्या दुरुस्तीवाल्याने आत पाहिलं, २०१४ची फिरती हार्ड डिस्क बोटाने दाखवली आणि विचारलं, “अँटिव्हायरस कशाला बदलत होता?” तिच्या जागी एसएसडी बसली. पुढच्या मोजणीला दारातला माणूस ‘हां!’ म्हणाला, आणि मी कुकरची शिट्टी झाकणावर ठेवत होतो तेवढ्यात वीजबिल दिसलं.

अण्णा नाराज आहेत. पूर्वी संगणक लावून अंघोळ, देवपूजा दोन्ही उरकायचं. आता तो येऊन बसलेला असतो, आणि त्याला थांबवून ठेवणं त्यांना बरं वाटत नाही.