आधी रस्ता दाखवा

मावशीबरोबर पुण्याहून दापोलीला जायचं ठरलं की निघायच्या वेळा दोन असतात. एक काकांना सांगायची आणि एक खरी. सामान डिकीत गेलं की आपण निघालो, असं काकांना वाटतं. मावशीच्या हिशेबी तिथून कामाला सुरुवात होते. आदल्या संध्याकाळी काका भाजी आणायला गाडी घेऊन गेलेले असतात आणि सीट पार मागच्या माणसाच्या गुडघ्यांत नेऊन ठेवलेली असते.

काका सहा फूट. मावशी चार फूट दहा इंच, तेही सकाळी. दिवसभरात मणके दबून माणूस सेंटिमीटरभर कमी होतो, हे शास्त्र आहे. पण एवढ्याशा भांडवलातून तेवढीही कपात मावशीला परवडत नाही. म्हणून लांबचा प्रवास पहाटे. "सीट कोणी हलवली?" हा प्रश्न त्या घरात उत्तर ठाऊक असूनही रोज विचारला जातो आणि काकाही रोज नव्याने विचारात पडतात.

मावशी निवृत्त गणित शिक्षिका. सीटचा विधी तिने पायऱ्या पाडून बसवला आहे. आधी उजव्या हाताचा खटका दाबून सीट वर. मग सीट पुढे, पण ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील इतकीच. मग पाठ उभी. मग स्टिअरिंग खाली. त्याचा रोख छातीकडे हवा, तोंडाकडे नको. पट्टा खांद्याच्या हाडावरून जावा म्हणून खांबावरची त्याची कडी खाली. आरसे सगळ्यांत शेवटी. काका फक्त आरसे लावतात.

एवढं झालं की दाराच्या कप्प्यातून लाकडी फूटपट्टी निघते. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर अंतर पाहिजे. तिथे एअरबॅग असते. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडे नव्या गाडीत चालकापुढे ती सक्तीची झाली आणि माणसं निर्धास्त झाली. ती फुगते सेकंदाच्या विसाव्या भागात, आणि तिच्या अगदी जवळ बसणाऱ्याला तिचाच मार बसतो.

"अगं, पिशवीच ना ती?" काका म्हणाले. "मऊ असते."

"फुगून झाल्यावर मऊ. फुगताना गुद्दा."

पट्टीने तेवीस दाखवले. इथे बुटक्या माणसाचं खरं त्रांगडं सुरू होतं. पाय म्हणतात पुढे ये, छाती म्हणते मागे हो, डोळे म्हणतात वर चल, आणि तिघांचा मालक एकच. मावशीने पाठ एक घर मागे कलती केली, स्टिअरिंग आत ढकललं, पुन्हा पट्टी लावली. "पंचवीस," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली. मागच्या सीटवर माझ्या पट्ट्याचा कट्‌ असा आवाज येईपर्यंत मात्र गिअर पडला नाही.

आत-बाहेर होणारं स्टिअरिंग आणि वर-खाली होणारी सीट हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. स्वस्तातल्या मॉडेलांत बऱ्याचदा ते वगळलेलं असतं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्या मुलाने मोठ्या हौसेने छताची काच उघडून दाखवली होती. "मॅडम, आकाश दिसतं!" मावशी आत बसली, मान उंच केली, आणि म्हणाली, "आधी रस्ता दाखवा." त्याने लगबगीने उशी आणली. शोरूममध्ये उशी तयार होती, म्हणजे असं गिऱ्हाईक त्यांना नवीन नव्हतं. तरी सीटचा खटका वरच्या मॉडेलात आणि उशी फुकट, हा व्यवहार मला आजही कळलेला नाही. मावशीने उशी परत केली. मऊ उशीवर बसलं की धडकेत उशी सटकते, माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि कमरेच्या हाडावर बसायचा पट्टा पोटात रुततो.

खेड-शिवापूरचा टोलनाका फास्टॅगमुळे न थांबता गेला. पूर्वी पैसे द्यायला मावशीला दार अर्धं उघडावं लागे. कापूरहोळला महामार्ग सोडून आम्ही भोरच्या रस्त्याला लागलो, तसा काकांना जुना काळ आठवला.

लग्नानंतर त्यांनी घेतलेली पहिली गाडी म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगच्या मानेला आणि पुढची सीट म्हणजे एकसंध बाकडं. मावशी गाडी शिकायला बसली की बाकडं पुढे येई आणि त्याबरोबर शेजारचे काकाही येत. डेक्कनपासून स्वारगेटपर्यंत गुडघे हनुवटीला टेकवून त्यांनी बायकोला गाडी शिकवली. स्त्रीशिक्षणासाठी एवढं अंग मोडून घेतलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

"तेव्हाही चालवत होतीसच की," काका म्हणाले. "उंचीचं एवढं काय? गावसकर बघ."

"गावसकरांपुढे मैदान मोकळं होतं. बोनेट नव्हतं."

मी मदत म्हणून फॉर्म्युला वनमधल्या युकी त्सुनोदाचं नाव काढलं. तो जेमतेम एकशे साठ सेंटिमीटर. त्या गाड्यांत चालकाच्या अंगाचा साचा घेऊन सीट बनवतात, असं सांगितलं.

मावशीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ब्लाउज शिवायला टाकतात तसं. बरोबरच आहे. तयार घेतला की कुठेतरी काचणारच."

नीरा देवघर धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेने दिसायला लागलं, पण आमच्या गाडीतला विषय आता धडक-चाचणीतल्या बाहुल्यांवर गेला होता. कित्येक वर्षं या चाचण्यांचा मुख्य मानकरी एक पुरुष आहे: पावणेदोन मीटर उंच, अठ्ठ्याहत्तर किलोचा. मग कोणाला तरी आठवलं की बायकाही गाडीत बसतात, तेव्हा एक लहान बाहुली आली. उंची साधारण दीडशे सेंटिमीटर, वजन एकोणपन्नास किलो. शंभर अमेरिकन बायकांत पाचच जणी हिच्याहून लहान निघतील, असं धरून केलेली. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंचीच मुळी एकशे बावन्न सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिकडे जी अगदी काठावरची, ती इकडे मधली. आणि मावशी त्या बाहुलीच्याही खाली.

"मग त्या बाहुलीला कुठे बसवतात?" मावशीने विचारलं.

अमेरिकेत २०११ च्या मॉडेलांपासून समोरासमोरच्या सरकारी धडक-चाचणीत बाहुला स्टिअरिंगवर असतो आणि बाहुली शेजारी, हे मी सांगितलं. युरोपात पुढे २०१५ पासून एका चाचणीत तिला स्टिअरिंगही मिळालं. पण ते सांगेपर्यंत मावशीचं मत बनलेलं होतं.

"गाडी फुटायची आहे हे ठाऊक असूनसुद्धा बाई शेजारीच," ती म्हणाली आणि तिसरा गिअर टाकला.

वरंधा घाट सुरू झाला. चढाच्या वळणावर गाडीचं नाक वर होतं आणि बोनेटपलीकडचा रस्ता नाहीसा होतो. काचेच्या कडेचा खांब नेमका वळणाच्या आड येतो आणि त्यामागे एक आख्खी मोटारसायकल सहज मावते. हे उंच माणसालाही होतं, पण त्याला ते जाणवत नाही. दिसतंय असं समजून तो जातो. मावशी प्रत्येक वळणाआधी हॉर्न देत होती, वेग उतरवत होती आणि मान आधी डावीकडे, मग उजवीकडे नेऊन खांबामागे डोकावत होती. शेजारी काका सीट आरामखुर्चीइतकी कलती करून पहुडले होते. पट्टा त्यांच्या छातीपासून वीतभर दूर लोंबत होता आणि डोकं सीटच्या उशीच्या वर निघालं होतं. मागून कोणी ठोकलं असतं तर मानेला आधार नव्हता. मागे बसून मी सारखा विचार करत होतो की हसतात लोक कोणाला आणि नीट बसलंय कोण.

वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि टपऱ्यांइतकीच धीट माकडं. गाडी लावून देणारा पोरगा धावत आला आणि दरीच्या बाजूने ओरडायला लागला, "येऊ द्या काका, येऊ द्या! काका, डावीकडं मारा!" स्टिअरिंग मावशीच्या हातात आणि सूचना काकांना. काका स्वभावाने आज्ञाधारक. त्यांनी दोन्ही हात हवेत डावीकडे फिरवले. मावशीने पोराकडे बघितलंसुद्धा नाही आणि दगडांमध्ये गाडी बिनचूक बसवली.

"काका, एक नंबर लावली बघा," पोरगा म्हणाला. काकांनी मान डोलावली आणि वर त्याला दहा रुपये दिले.

बहुधा ते दहा रुपयेच अंगात आले. भजी खाऊन घाट उतरलो तसं महाडला काका म्हणाले, "आता मी घेतो. तू दमली असशील." मावशी खरंच दमली होती. काकांनी सीट मागे नेली, पार खाली घातली, आरसे लावले आणि निघाले. मावशी डावीकडे बसली, सवयीने हात खाली घालून खटका चाचपला, आणि तिच्या लक्षात आलं की या बाजूला खटकाच नाही. उंच-ठेंगणेपणाची सोय कंपनीने फक्त चालकासाठी केली होती. पट्टा गळ्याशी आला. नाक डॅशबोर्डच्या रेषेत आलं.

"मंडणगडचा फाटा आला की सांग," काका म्हणाले.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग पाटी मागच्या काचेतून लहान होत जाताना मी पाहिली.

"अगं, फाटा दिसला नाही का तुला?"

"मला ग्लोव्ह बॉक्स दिसतोय. त्याच्यावर एअरबॅग लिहिलंय."

काकांनी गाडी कडेला घेतली. "मग आता?"

"आता उतरा. आणि सीट पुढे करून मगच उतरा."

काकांनी आधी सीट वर घेतली, मग पुढे. सहा फुटांचा माणूस तशा सीटवरून कसा उतरतो, ते मला मागून अगदी स्पष्ट दिसत होतं. हॉर्न सारखा वाजत होता.