झिलई

हॉलच्या भिंतीचे लाड होतात. तिला रंग मिळतो, फोटो मिळतात, पाहुण्यांची दाद मिळते. बाथरूमच्या भिंतीच्या वाट्याला येते ती तारेची घासणी, आणि तीही दिवाळीच्या तोंडावर, घरातल्या कर्त्या माणसाला स्वच्छतेचा झटका येतो तेव्हा.

तिचा अपराध काय, तर बोअरचं पाणी. खडकातून येताना ते कॅल्शियम विरघळवून आणतं. शॉवरचे थेंब टाइलवर वाळले की पाणी उडून जातं आणि मागे पांढरा थर राहतो. हा थर ॲसिडने जातो, हे खरं. बाटली उघडली, भिंतीवर फस्स करून फेस आला, की माणसाला जग जिंकल्यासारखं वाटतं. पण हा फेस थराचा की सांध्यांचा, हे त्या वाफाऱ्यात डोळे चोळत कोण बघतो? सांध्यातलं सिमेंटही चुन्याच्याच कुळातलं, आणि ॲसिड काही भावकीतला फरक करत नाही. टाइलवरची झिलई म्हणजे हजार अंशांच्या वर भाजून बसवलेली काच. ती या ॲसिडला सहसा दाद देत नाही. तिची मात्रा चालत नाही ती घासणीपुढे. जुन्या घरांतला कडप्पा तर मुळात चुनखडीच. पॉलिश केलेल्या कडप्प्यावर रात्री अर्धं लिंबू विसरलं, तरी सकाळी तिथे पांढुरका गोल उमटलेला असतो.

मग मिस्त्रींना बोलावणं जातं. चांगला मिस्त्री भिंत बघत नाही, वाजवतो. थापीच्या मुठीने एकेक टाइल ठोकत जातो. मधेच आवाज बदलतो आणि तो मान न वळवता म्हणतो, "वहिनी, ही पोकळ वाजतेय." वहिनींना लगेच बिल्डरची आठवण येते आणि ती मोठ्याने काढली जाते.

दुरुस्तीचं खरं काम सांध्यांत असतं. जुना माल खरवडून काढायचा, भिंत पुरती वाळू द्यायची आणि मग एपॉक्सी भरायचं. व्हाइट सिमेंट स्वस्त, पण ते पाणी पितं. एपॉक्सीचे दोन भाग एकत्र केले की ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडंथोडंच कालवायचं आणि टाइलवर आलेलं ओल्या स्पंजने तिथल्या तिथे पुसायचं. त्या वेळी फोन वाजला तर वाजू द्यावा. नाहीतर राहिलेला डाग घराचा कायमचा रहिवासी होतो.

आणि गेलेली चमक? कडप्प्याची परत येते. दगड आतबाहेर एकच. बारीक, त्याहून बारीक पॉलिश पेपरने घासत गेलं की खालचा ताजा दगड वर येतो. टाइलचं तसं नाही. झिलई वरच्यावर, खाली नुसती भाजलेली माती. दगडाला तोंड धुता येतं, टाइलला फार तर पावडर लावता येते.

माझं म्हणाल, तर टाइलची चमक गेली तर जाऊ द्यावी. आंघोळीला चष्मा लावून कोण जातं? वाफ, डोळ्यांत साबण आणि साडेसातची लोकल, अशा अवस्थेत घासलेली टाइल काय नि शोरूममधली काय! सांधे तपासणारं पाणी मात्र डोळस असतं. ते रोज प्रत्येक फटीत बोट घालून बघतं आणि अहवाल आपल्याला न देता खालच्या मजल्यावरच्या छताला देतं. तो घेऊन खालचे काका वर येतात, तेव्हा आपल्या टाइल्सच्या चमकेचं त्यांना काडीचं कौतुक नसतं.

यावर उपाय अगदी साधा आहे. आंघोळ झाली की पाणी वाळायच्या आत भिंतीवरून वायपर फिरवायचा; थर बसतच नाही म्हटलं तरी चालेल. पण हा उपाय कुठल्याच घरात टिकत नाही. त्यात फेस येत नाही, नाकाला झिणझिण्या येत नाहीत, आणि केल्याचं कुणाला सांगताही येत नाही.