पोच मिळाली?

(दुपारची वेळ. निवृत्त पोस्टमास्तर आरामखुर्चीत, हातात वही. नेटवाला मुलगा टीव्हीच्या कपाटामागे अर्धा गडप. बाहेर फक्त पाय आणि टूलबॅग.)

पोस्टमास्तर : पैसे 300 च्या वेगाचे घेता. कॉम्प्युटरवर मोजलं तर 94. सकाळी 94, दुपारी 94, रात्री 94. भेसळ करायची तर रोज निरनिराळी तरी करा रे!

नेटवाला : रोज 94 च ना? मग आमची लाईन ठणठणीत आहे काका. तुमची राउटर ते कॉम्प्युटर वायर गेलीय.

पोस्टमास्तर : वायर गेली असती तर काहीच आलं नसतं.

नेटवाला : हिच्यात आठ तारा असतात. 100 च्या वेगाला चार पुरतात, 1000 ला आठही लागतात. एखादी तुटली की दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवतात, चला, 100 वर भागवू.

पोस्टमास्तर : ग्राहकाला न विचारता! आणि वरचे सहा कुणी खाल्ले?

नेटवाला : ते पाकिटांवरच्या पत्त्या-बित्त्यात जातात.

पोस्टमास्तर : (ताठ बसत) पाकिटं?

(एवढ्यात नेटवाल्याला सरकत्या खिडकीत चेपलेली वायर सापडते. निळी तार पार तुटलेली. तो टोक कापतो, साल सोलतो आणि तारा चिमटीत लावत पुटपुटतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा...)

पोस्टमास्तर : हिरव्यांचं जोडपं फोडून मध्ये निळं का घुसवलंस?

नेटवाला : नियमच तसा आहे. नाही पाळला तर नवीन वायरही रडते.

पोस्टमास्तर : बरं, पाकिटांचं सांग.

नेटवाला : तुम्ही नातीला फोटो पाठवता, तो अख्खा जात नाही. एका पाकिटात फार तर 1500 बाइट मावतात. 3 एमबीचा फोटो म्हणजे दोन हजारांवर पाकिटं. प्रत्येकावर पत्ता, प्रत्येकावर नंबर. कुठलं कुठल्या वाटेनं जाईल, आधी कुठलं पोचेल, काही सांगता येत नाही.

पोस्टमास्तर : आणि पत्ता वाचतो कोण?

नेटवाला : वाटेतले राउटर. लांबचा राउटर पत्त्याचा पुढचा भाग बघून दिशा ठरवतो. घर शोधायचं काम शेवटच्याचं.

पोस्टमास्तर : अरे, हे आमच्याकडे 15 ऑगस्ट 1972 पासून आहे! पिन कोड! पहिला आकडा 4 दिसला की सॉर्टरचा हात पश्चिमेकडे. आणि काढला कुणी? श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. आपला मराठी माणूस, संस्कृतात कविता करायचा. तुमच्याकडे आहे का कुणी कवी?

नेटवाला : आमचे साहेब स्टेटसवर शायरी टाकतात.

पोस्टमास्तर : राहू दे. एखाद्या राउटरकडे फार पाकिटं साचली तर? ओव्हरटाइम?

नेटवाला : टाकून देतो.

पोस्टमास्तर : कुठे?

नेटवाला : कुठे म्हणजे... पुसून टाकतो. रांगेत जागा नाही, विषय संपला.

(काकांची सगळी नोकरी एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर जमा होते.)

पोस्टमास्तर : आमच्या एका पोस्टमननं टपाल विहिरीत टाकलं होतं. सस्पेंड झाला!

नेटवाला : इथं ते नियमानंच चालतं. पोचवायचा प्रयत्न करू, यापलीकडे मधला कुणी हमी देत नाही. शिवाय प्रत्येक पाकिटावर आयुष्य लिहिलेलं असतं, समजा 64. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की फेकतो. नाहीतर दोन राउटर चुकून एकमेकांकडेच ढकलत बसले तर पाकीट फिरतच राहील.

पोस्टमास्तर : हा आकडा सरकारी फायलींवर छापायला हवा होता. पण मग फोटो पुरा कसा पोचतो रे?

नेटवाला : दोन टोकं सांभाळतात. तुमचा मोबाईल पाठवतो, पलीकडचा पोच देतो. पोच आली नाही की पुन्हा पाठवायचं. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी 1974 मध्ये मांडलंय हे.

पोस्टमास्तर : रजिस्टर एडी! आमच्या खात्यानं 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केलं, आणि तुम्ही तेच चोरून चालवताय. आणि पोच आलीच नाही तर?

नेटवाला : दर वेळी दुप्पट थांबायचं. एक सेकंद, दोन, चार, आठ. सगळेच घाईनं परत पाठवायला लागले तर गर्दी आणखी वाढते. 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीला तसंच झालं. दोन जागांत अंतर 400 यार्ड, आणि वेग 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला.

पोस्टमास्तर : 400 यार्ड! चालत जाऊन हातात दिलं असतं तरी लवकर पोचलं असतं.

काकू : (आतून) व्हिडिओ कॉलवर नात मध्येच पुतळ्यासारखी होते, ते विचारा आधी!

नेटवाला : तिथं बहुतेक वेळा पोचेची वाट बघत नाहीत काकू. हरवलं ते हरवलं. मगाचा ‘हॅलो’ आत्ता येऊन काय करायचाय?

पोस्टमास्तर : म्हणजे साधं टपाल. समजलं. मधला बेफिकीर, टोकाचे दोघे काळजी करून अर्धे. आमच्याकडे उलटं होतं. टोकाचे दोघे झोपलेले असायचे आणि काळजी आम्ही वाहायचो.

(कनेक्टरवर चिमटा दाबल्याचा कट्ट आवाज. नेटवाला पुन्हा मोजून दाखवतो.)

नेटवाला : बघा, 296. आता मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा काका, तक्रार बंद करतो.

पोस्टमास्तर : ओटीपी म्हणजे पोचच की! ती काम तपासल्याशिवाय मिळायची नाही. संध्याकाळी नातीचा फोन येईल. ती नीट हलली-बोलली तर देईन.

नेटवाला : पोच नाही मिळाली तर साहेब मला परत पाठवतील.

पोस्टमास्तर : पाठवू देत. परत पाठवायचं, हाच तर तुमचा नियम. (वही उघडून) तक्रार सोमवारची, तू आलास शुक्रवारी. म्हणजे पहिल्या खेपेला चार दिवस. आता दुसऱ्या खेपेला...

(आकडा वहीत उतरतो. पेन थांबतं.)

पोस्टमास्तर : अगं, माझा चष्मा कुठाय? बाळा, जाऊ नकोस. घे लिहून. सात, तीन...