शहाऐंशीचे काका

बॉस्टनच्या पश्चिमेला, फ्रेमिंगहॅमपासून श्रूजबरीपर्यंत, जिथे म्हणून मराठी घरं आहेत तिथे एखादे तरी शहाऐंशीचे काका असतातच. सत्तरच्या दशकात शिकायला आलेले, रूट 128 च्या आसपास कुठल्याशा कंपनीत चिकटलेले आणि तिथूनच निवृत्त झालेले. मधल्या काळात त्यांनी घर बदललं, गाड्या बदलल्या, अलीकडे दोन्ही गुडघे बदलले. 25 ऑक्टोबर 1986 ची रात्र मात्र त्यांनी कुणाला बदलू दिलेली नाही. त्या रात्री न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क मेट्स यांचा वर्ल्ड सीरिजमधला सहावा सामना झाला. काका तो अजून पाहताहेत.

ऑक्टोबर लागला, मेपलची पानं लाल झाली, सगळं गाव चालू वर्षाच्या प्लेऑफला बसलं की काका बेसमेंटमध्ये उतरतात. पूर्वी व्हीसीआर होता, आता यूट्यूब आहे, पण काकांचा जीव कॅसेटवरच. ती कॅसेट मुळात लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची. त्या रात्री घरात कोरी कॅसेट नव्हती, इतिहास तर घडत होता. काकांनी जी हाताला लागली ती घातली. त्यामुळे शेवटची धाव होऊन मेट्सचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत असताना चित्र एकदम थरथरतं आणि वाढदिवसाचा उरलेला भाग सुरू होतो: केकचा निम्मा तुकडा, कुणाचा तरी कोपर आणि भोकाड पसरलेली एक मुलगी. ती मुलगी आता चाळिशीत आहे. तिने वडिलांना माफ केलंय. काकूंनी नाही.

“निकाल ठाऊक असलेला सामना काय पाहायचा?” असं कुणी नवशिक्याने विचारलं की काका चष्म्यावरून पाहतात. “रामाचं पुढे काय होतं ते माहीत नसतं म्हणून कीर्तनाला जातोस का रे?”

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी तेवढ्यापुरतं सांगतो. प्रत्येक संघाला नऊ डाव, डावात तीन बाद, बरोबरी झाली तर पुढचे डाव. चार सामने आधी जिंकेल त्याची मालिका. रेड सॉक्स 3-2 ने पुढे होते. सहावा सामना दहाव्या डावात गेला, तिथे बॉस्टनने दोन धावा काढल्या, 5-3. मग मेट्सचे पहिले दोन फलंदाज बाद. बेसवर कुणी नाही. आणखी एक बाद की 1918 नंतरचं पहिलं अजिंक्यपद. शेच्या फलकावर रेड सॉक्सचं अभिनंदन झळकून गेलंसुद्धा. त्यानंतर लागोपाठ तीन फटके, एक भलतीकडे गेलेला चेंडू, आणि शेवटी मूकी विल्सनने मारलेला एक सरपटी चेंडू फर्स्ट बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला. मेट्स 6-5.

जगाच्या लेखी एवढंच घडलं: बकनरने चेंडू सोडला आणि बॉस्टन हरलं. काकांनी गेली कित्येक वर्षं बकनरचं वकीलपत्र घेतलेलं आहे. फी नाही, अशील भेटलेला नाही, कोर्ट केव्हाच उठून गेलंय. तरी दर ऑक्टोबरात सुनावणी होते.

सुनावणीची पद्धत ठरलेली आहे. पहिल्या डावात एक माणूस पॅराशूट लावून थेट मैदानात उतरतो (हे खरंच घडलंय), तेव्हा काका म्हणतात, “आला बघ.” जणू त्याला यांनीच बोलावणं धाडलं होतं. मग बराच वेळ सामान्य पाहणं चालतं. त्या काळी धावफलक पडद्याच्या कोपऱ्यात सतत चिकटलेला नसे, त्यामुळे आजची पोरं दर दोन मिनिटांनी “स्कोर काय?” विचारतात आणि काका तो मोठ्या आवडीने सांगतात. खरे काका जागे होतात ते सातव्या डावानंतर. बॉस्टनच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या रॉजर क्लेमेन्सला, बाहेर काढलं जातं. व्यवस्थापक जॉन मॅकनमारा म्हणे, बोटाला फोड आला म्हणून त्यानेच सुट्टी मागितली. क्लेमेन्स म्हणतो, मी कशाला मागू? काका टेप थांबवतात, मागे नेतात, क्लेमेन्सचं बोट पाहायचा प्रयत्न करतात. 1986 च्या कॅसेटमध्ये माणसाचं तोंड धड दिसत नाही, बोटावरचा फोड कुठून दिसणार? पण नोंद घेतली जाते.

दहाव्या डावात काका उभे राहतात. नवीन गुडघ्यांना ते चालतं. “हा कॅल्व्हिन शिराल्डी. दोन बाद केलेत याने. आता बघ, कार्टर. एक. मिचेल. दोन. रे नाइटवर दोन स्ट्राइक झालेत हं, एकच हवाय. एकच! गेला. तीन. यात बकनर कुठे आहे? दाखव मला.” बकनर पडद्यावरही नसतो. मग शिराल्डीच्या जागी बॉब स्टॅन्ली येतो, विल्सन चेंडूमागून चेंडू तटवत राहतो आणि एक चेंडू असा जातो की तिसऱ्या बेसवरचा मिचेल धावत घरी येतो. इथे टेप थांबते. काका खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेकदा पाहतात. “स्कोर?”

“पाच-पाच,” आम्ही शाळेतल्यासारखं एका सुरात म्हणतो.

“म्हणजे आघाडी?”

“गेली.”

“आणि बकनरकडे चेंडू?”

“अजून गेलेला नाही.”

हा त्यांचा हुकमी पुरावा, आणि तो खरा आहे. बकनरच्या पायांतून चेंडू गेला तेव्हा सामना आधीच बरोबरीत आला होता. त्याने तो अडवला असता तरी बॉस्टन जिंकलं नसतं, अकरावा डाव सुरू झाला असता इतकंच. त्यात त्याचे घोटे पार कामातून गेलेले. त्या मालिकेत आघाडी असली की शेवटी त्याला बसवून डेव्ह स्टेपल्टनला उभं करायचे. त्या रात्री केलं नाही. “का नाही केलं?” काका विचारतात. मॅकनमारा उत्तर देत नाही.

मला विचाराल तर काकांचं खरं सुख इथे आहे. आठवणीत एकच चेंडू उरतो, टेपवर सगळा सामना असतो. ज्यांनी तो तेव्हा एकदाच पाहिला ते आज शपथेवर सांगतात की बॉस्टन पुढे होतं आणि बकनरने घालवलं. अशा माणसाला बेसमेंटमध्ये आणून बसवायचं आणि “पाच-पाच” म्हणायला लावायचं, यासारखा विजय काकांनी नोकरीतही कधी मिळवला नसेल.

चेंडू निघून जातो तेव्हा मात्र काका काही बोलत नाहीत. समालोचक व्हिन स्कलीही बराच वेळ बोलत नाही, नुसता गर्दीचा आवाज ऐकू देतो. काकू वरून ओरडतात, “संपलं का?” शांतता पसरली की संपलं, हा त्यांचा अनुभव.

या पंथात उपपंथ आहेत. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतो, मूळचा आयरिश, काकांचा या विषयातला गुरू. तो अठ्ठ्याहत्तरचा. 2 ऑक्टोबर 1978 ला बॉस्टनच्याच फेनवे पार्कवर यांकीजच्या बकी डेंटने, ज्याच्याकडून कुणी एका फटक्याची अपेक्षा करत नव्हतं त्याने, डाव्या भिंतीवरून चेंडू टाकला. तेव्हापासून पोस्टमन त्याचं नाव मधे एक शिवी घातल्याशिवाय घेत नाही. न्यू इंग्लंडमध्ये ती शिवी त्या नावाचाच भाग समजली जाते. तिशीतली मंडळी 2003 वाली. पिचर पेद्रो मार्टिनेझ दमलेला दिसत असताना आठव्या डावात व्यवस्थापक ग्रेडी लिटलने त्याला ठेवलाच का, हा त्यांचा खटला. काका आणि पोस्टमन त्यांना उमेदवार मानतात.

पोस्टमनला 1975 सुद्धा प्रिय आहे. सहाव्या सामन्यात मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या डावात कार्ल्टन फिस्कने मारलेला चेंडू खांबाच्या आतच राहावा म्हणून तो हात हलवत उड्या मारतो, ती दृश्यं पाहताना पोस्टमन स्वतःही हात हलवतो. चेंडू दर वेळी आत राहतो. तो इतका खूश होतो की त्याला कुणी आठवण करून देत नाही: दुसऱ्या दिवशी सातवा सामना सिनसिनाटीने 4-3 ने जिंकला आणि मालिकाही. अर्धा बॉस्टन आजही मनातल्या मनात 1975 ची मालिका जिंकलेला आहे.

काकांच्या बकनरप्रेमाचं एक मूळ मात्र अस्सल आपल्याकडचं आहे. त्याच 1986 च्या एप्रिलमध्ये शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियांदादने षटकार मारला. चार हवे होते, सहा गेले. काकांनी तो सामना नंतर कॅसेटवर पाहिला. त्या सामन्यात सुनील गावसकरने 92 केले होते, भारताने 245 केले होते, मियांदादने शतक ठोकलं होतं. पण देशाला आठवला तो एक फुलटॉस आणि एक पोरगेला गोलंदाज. “एका वर्षात दोन माणसं, दोन चेंडू,” काका म्हणतात. चेतन शर्माने पुढच्याच वर्षी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, हे सांगताना त्यांना जो आनंद होतो तो विदर्भातल्या माणसालाही होत नसेल. बकनरचीही ते अशीच बाजू मांडतात: 2715 फटके, 1980 मध्ये नॅशनल लीगमधला अव्वल फलंदाज. “आणि लक्षात काय? पाय!”

आता तुम्ही म्हणाल, बॉस्टन नंतर जिंकलं ना? जिंकलं की. 2004 मध्ये यांकीजविरुद्ध 0-3 ने मागे पडले, तिसरा सामना तर 19-8 असा गेला होता. चौथ्या सामन्यात नवव्या डावात एका धावेने मागे असताना केव्हिन मिलारला चार वाईट चेंडूंवर फुकट बेस मिळाला, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला, त्याने दुसरा बेस चोरला आणि तिथून सगळं फिरलं. लोक रॉबर्ट्सची चोरी पुन्हा पुन्हा पाहतात. काका मिलारचे चार वाईट चेंडू पाहतात. “तो बेसवर गेलाच नसता तर चोरी कोण करणार होतं?” विसरलेल्या माणसाची बाजू घ्यायची सवय विजयातही सुटत नाही.

पुढे त्या वर्षीचं अजिंक्यपद ठरलं ती तारीख 27 ऑक्टोबर 2004. आपली कोजागरी. वर खग्रास चंद्रग्रहण. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना त्या चंद्राचं अपार कौतुक. काकूंपुढे प्रश्न वेगळाच होता: गॅसवर मसाला दूध आटत होतं आणि ग्रहणात ते प्यायचं कसं? त्यांनी तुळशीचं पान टाकलं आणि ग्रहण सुटेपर्यंत कुणी कपाला हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. तिकडे सेंट लुइसमध्ये शेवटचा चेंडू पिचर कीथ फोल्ककडे आला. त्याने तो फर्स्ट बेसकडे टाकला, आणि फर्स्ट बेसवरच्या माणसाने तो पकडला. इतका घट्ट पकडला की नंतर क्लबला परत देईना, त्यावरून वाद झाला. रस्त्यावर भोंगे, फटाके, पोस्टमन अंगणात गुडघ्यांवर. काका दुधाच्या पातेल्याशेजारी उभे होते. म्हणाले, “आजच्याच तारखेला शहाऐंशीचा सातवा सामना हरलो होतो. आणि 1918 ते 2004 किती झाले? शहाऐंशी.” पोस्टमनला हा हिशेब नंतर कळला तेव्हा तो पुन्हा रडला.

2004 चा तो शेवटचा सामना काका फारसे पाहत नाहीत. त्यात आरोपीच नाही. त्यानंतर 2007, 2013, 2018 अशी आणखी तीन अजिंक्यपदं आली आणि काकांच्या नातवाच्या पिढीला रेड सॉक्स हा जिंकणाराच संघ वाटू लागला. नातू बेसमेंटमध्ये येतो, दोन चेंडूंच्या मधला वेळ पाहून हैराण होतो. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय, सामने झटपट संपतात. “आजोबा, हा चेंडू टाकत का नाहीये?” “विचार करतोय.” “कसला?” काका समाधानाने मान डोलावतात. शिराल्डी तेव्हा कसला विचार करत होता, हे त्यांनाही शोधायचंच आहे.

आपला खटला निकाली निघाला असं काकांना एकदाच वाटलं असावं. 8 एप्रिल 2008, फेनवेवरचा मोसमातला पहिला सामना. बकनरला पहिला चेंडू टाकायला बोलावलं होतं. सगळं मैदान उठून टाळ्या वाजवत राहिलं, तो डोळे पुसत पुसत चालत आला आणि त्याने चेंडू जुन्या सहकाऱ्याकडे, ड्वाइट इव्हान्सकडे टाकला. काकांनी ते टीव्हीवर पाहिलं. मी त्यांना म्हटलं, सुटला की तुमचा अशील. ते म्हणाले, “लोकांनी माफ केलं रे. माफ केलं म्हणजे गुन्हा होता असंच झालं ना?” बकनर 2019 मध्ये गेला. सुनावणी चालू आहे.

तर ऑक्टोबरात तुम्ही त्या बाजूला असाल आणि काकांनी जेवायला बोलावलं तर जरूर जा. काकूंच्या हातची भरली वांगी उत्तम असतात. फक्त जेवण सातव्या डावाच्या आत उरका, पुढे कुणी वाढत नाही. आणि “बकनरने घालवलं” असं चुकूनही म्हणू नका. म्हणालात, तर काका दुसरी कॅसेट काढतील. सातव्या सामन्याची. त्यातही बॉस्टन 3-0 ने पुढे होतं आणि 8-5 ने हरलं.