हत्ती बसला तरी हालत नाही जी!

मिस्त्रीभाऊ,

पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय, कारण तुमचा मोबाइल दोन महिन्यांपासून कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. भामरागडच्या जंगलातसुद्धा आता एवढे दिवस कुणी बाहेर राहत नाही.

ओळख पटत नसेल तर सांगते. चंद्रपूरच्या तुकूममधलं घर, आतली खोली, कपडे ठेवायच्या कोनाड्यात लावलेली पांढरी तारेची जाळी. सहा फूट लांब, सोळा इंच रुंद, पुढच्या कडेला हँगरची दांडी. लाकडी फळी नको म्हटलं होतं मी. आमच्या पावसात प्लाय फुगतो, कपड्यांना कुबट वास येतो, आणि उरलंसुरलं उधईच्या पोटात जातं. जाळीतून हवा खेळते. विचार चांगला होता. तुम्ही ती दीड तासात लावलीत. "वजन पेलेल ना भाऊ?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवलात आणि म्हणालात, "हत्ती बसला तरी हालत नाही जी."

दुसऱ्या एखाद्या मुलखात हे वाक्य खपलं असतं. आमच्याकडे हत्ती नुसता बोलण्यातला नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, कमलापूरला, वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हापासून धानाच्या बांध्या आणि घरांच्या भिंती यांत तो फारसा भेद करत नाही. हत्ती टेकला की काय होतं, हे इथल्या लोकांना ठाऊक आहे. तुमच्या जाळीवर मात्र हत्ती बसला नाही हो. बसल्या माझ्या चौदा साड्या, दोन दुलया, ह्यांचा लग्नातला कोट आणि एक बॅग. नंतर सगळं काट्यावर तोललं. 38 किलो. हत्तीचं पिल्लू जन्मतं तेव्हा याच्या दुपटीहून जड असतं.

आषाढातली रात्र, अडीच वाजलेले. तुकूम-दुर्गापूर भागात रात्री धप्प असा आवाज झाला की माणूस आधी घराच्या भिंती बघत नाही, अंगण बघतो. बिबट आला म्हणून शेजारचे टॉर्च आणि काठ्या घेऊन गच्चीवर चढले. ह्यांनी देवघरातली घंटा बडवायला घेतली. बिबट घंटेला भितो, ही माहिती त्यांना कुठून मिळाली ते देवच जाणे. पंधरा मिनिटांनी आतल्या खोलीचं दार उघडलं, तर तुमची जाळी एका कानाला धरून भिंतीवर लोंबकळत होती, आणि तिच्या टोकात अडकून माझी नागभीडची कोशाची करवतकाठी साडी काठापासून हातभर फाटलेली.

सकाळी तुमच्या कामाचं शवविच्छेदन केलं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, हातात पट्टी असल्याशिवाय मला कुणावर चिडता येत नाही. भोकं आठ. भिंतीवरचं प्लास्टर 18 मिलिमीटर. तुमची गिट्टी 25 मिलिमीटर. (गिट्टी म्हटलं की ह्यांना रस्त्यावरची खडी आठवते. स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात त्या प्लॅस्टिकच्या नळीलाही गिट्टीच म्हणतात, हे समजावण्यात एक चहा गेला.) आता वजाबाकी करा. खऱ्या विटेत गेली ती 7 मिलिमीटर. बाकी सगळा संसार प्लास्टरमध्ये, म्हणजे भिंतीच्या पावडरमध्ये.

तुम्ही त्या दिवशी जाता जाता बोट विटेकडे दाखवलं होतं, "राखेची वीट हाय, पकडत नाही." बिचारी वीट! आमच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, त्या कोळशाची राख आम्ही नाकात घेतो, अंगणात झाडतो आणि तिच्याच विटांच्या घरात राहतो. त्या राखेला आम्ही पुष्कळ दोष देतो. पण हा दोष तिचा नाही. तुमची गिट्टी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती, ती पकडणार काय?

सहाव्या भोकाने मात्र मला अवाक केलं. तिथे गिट्टीच नव्हती. तुमच्याकडच्या संपल्या असाव्यात. चिमट्याने ओढलं तर आधी काडेपेटीच्या दोन काड्या निघाल्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली खर्र्याची पन्नी. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ अभियानाची माणसं गावोगाव फिरून दारू आणि तंबाखू सोडवतायत. त्यांनी माणसांचे गाल तपासले, भिंतींची तोंडं तपासायची राहिली.

जाऊ द्या, गिट्टीचा इतिहास तरी ऐका. तुमच्या पिशवीतलं ते दहा पैशांचं प्लॅस्टिक फार मोठ्या घरातलं आहे. 1911 च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदाराला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायची होती, भिंत फार न फोडता. त्याने तागाच्या धाग्यांची बारीक नळी केली. स्क्रू आत शिरला की नळी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट धरते. हार्डवेअरच्या दुकानात आपण 'रावल प्लग' मागतो, तो रावल हाच. पुढे 1958 मध्ये जर्मनीच्या आर्थर फिशरने ती नायलॉनची केली. गंमत एवढीच की ही सगळी करामत घर्षणाची आहे. भोकात ड्रिलची धूळ तशीच ठेवली की नळी भिंतीला धरतच नाही, धुळीवर घसरते. तुमच्या सातही गिट्ट्या मैद्यात घोळल्यासारख्या पांढऱ्या निघाल्या.

आणि तरफ. शाळेत शिकवतात, तुम्ही त्या दिवशी दांडी मारली असावी. वजन सोळा इंच पुढे, दांडीवर. आधार मागे, भिंतीला लागून असलेल्या क्लिपांवर. म्हणजे क्लिप नुसती खाली दबत नाही, भिंतीतून बाहेर ओढली जाते, आणि ते ओढणं वजनाच्या कित्येक पट. यासाठीच खाली तिरके टेकू देतात. टेकूचं खालचं टोक भिंतीला रेटतं आणि वरच्या स्क्रूवरची ओढ उतरते. चार टेकूंचे पैसे घेतलेत, लावलात एक, "बाकी उद्या" म्हणालात. त्यातून आमचा मे महिना. पारा 47 वर गेला की त्या खोलीत माणूस सरकतो, तर सतत ताणाखालचं स्वस्त प्लॅस्टिक सरकणार नाही? जाळी आषाढात पडली, पण सुटायला ती वैशाखातच लागली होती. क्लिपेमागे नखाएवढी फट दिसली होती मला. मी तिच्यावर कॅलेंडर लावलं. हा माझा गुन्हा, तो कबूल.

माझ्या माहेरी, आरमोरीला, कपड्यांसाठी बांबूची एक दांडी होती. आढ्याला दोन दोरांनी टांगलेली. ना ड्रिल, ना गिट्टी. वजन सरळ खाली, ओढ सरळ वर. सगळ्या घराची लुगडी, धोतरं, ओली घोंगडी त्या एका बांबूवर. ती पडल्याचं मला आठवत नाही. तो बांबू आजोबांनी कुणाला विचारून तोडला होता, हे मात्र आता कुणी विचारू नये. बांबू-वाहतुकीचे पास स्वतः द्यायचा हक्क गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला मिळाला तोच मुळी 2011 साली.

आणि सागवानाचं काय सांगू? 2023 च्या मार्चमध्ये बल्लारशाहहून राममंदिराच्या दारांसाठी सागवान अयोध्येला निघालं, तेव्हा शोभायात्रेच्या गर्दीत आम्हीही होतो. ओंडक्यांना फुलं वाहिली, हात जोडले, डोळे भरून आले. आणि घरी येऊन साड्या तुमच्या प्लॅस्टिकवर टांगल्या.

तर आता मी काय केलं ते कळवते, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोग होईल. अडगळीत सासूबाईंच्या सागवानी पलंगाची बाजूची फळी होती. सुताराकडून तिची सहा फूट लांब, तीन इंच रुंद आणि 25 मिलिमीटर जाड पट्टी काढून घेतली. तुमची जुनी भोकं भरली, त्यांच्या वाटेला पुन्हा गेले नाही. नवीन जागी सात भोकं, आठच्या बिटाने. भाच्याच्या सायकलच्या पंपाने धूळ उडवली, पंप त्याच्याच हातात दिला आणि तो खोकेपर्यंत मारायला लावला. 50 मिलिमीटरच्या नायलॉनच्या गिट्ट्या, 75 चे स्क्रू. लाकडात 25, प्लास्टरमध्ये 18, विटेत 32. राखेच्या विटेने असं पकडलं की ड्रिल मशीन कण्हायला लागलं. जाळीच्या क्लिपा मग त्या लाकडात बसवल्या, तिथे गिट्टीचं कामच नाही. खाली दर दोन फुटांवर तिरका टेकू. साड्या चढवायच्या आधी 20 लिटरच्या भरलेल्या तीन कॅन रात्रभर वर ठेवल्या. आमचे हे मध्यरात्री दोनदा उठून बघून आले. घंटा बरोबर होती.

साडी रफू होऊन आली. बिल या पत्रासोबत जोडत नाही, कारण पत्ता माहीत नाही. तुमच्या दोन काड्या आणि ती पन्नी मात्र मी स्टीलच्या डबीत जपून ठेवली आहे. चंद्रपूरला आलात तर घेऊन जा. फक्त एक विनंती, आल्यावर दार जोरात लोटू नका. न्हाणीघरातली जाळी अजून तुम्हीच लावलेली आहे, आणि तिच्यावर सध्या गिझर आहे.

आपली,
एक गिऱ्हाईक