सरासरीतली हवा

कपॅसिटरच्या दोन प्लेटांमध्ये एक मिलिमीटर अभ्रक आणि एक मिलिमीटर हवा दिली, की परीक्षेतला सज्जन विद्यार्थी अभ्रकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 6 घेतो, हवेचा 1, भागिले 2, उत्तर साडेतीन; आणि खाली दोन रेघा ओढून मोकळा होतो. हा बावळटपणा नव्हे, भलेपणा आहे. जागा निम्मी-निम्मी, तर मानही निम्मा-निम्मा! पण 100 चौरस सेंटिमीटरच्या या प्लेटांना नुसत्या हवेत 44 पिकोफॅरड मिळतात, त्यांचे साडेतीन पटीने 155 व्हायचे, ते होतात जेमतेम 76. थर एकसर जोडणीत आहेत आणि तिथे बेरीज गुणांची होत नाही, अडचणींची होते: जाडी भागिले स्थिरांक. अभ्रकाची अडचण एक षष्ठांश, हवेची अख्खी एक. निम्मं अंतर हायवेने ताशी 60 ने आणि निम्मं बैलगाडीच्या मागून ताशी 10 ने कापलं, तर सरासरी 35 पडत नाही, सतराच पडते.

मग भारी माल घाला, असं कुणी म्हणेल. घाला की! हजारांत स्थिरांक असलेलं बेरियम टायटनेट घाला, नाहीतर सरळ धातूचा पत्रा सरकवा. ती मिलिमीटरभर हवा शिल्लक आहे तोवर आकडा 88.5 च्या वर सरकायचा नाही. वर व्होल्टेजचाही सिंहाचा वाटा तिलाच. अभ्रकाच्या जोडीला 3500 व्होल्ट लावले तर 3000 एकट्या हवेच्या डोक्यावर, आणि मिलिमीटरमागे साधारण तेवढ्यातच तिचा दम सुटतो. अभ्रक याच्या कितीतरी पट झेलू शकतं, पण त्याच्या वाट्याला 500. सगळ्यात मरतुकड्या हमालाला सगळ्यात मोठी ट्रंक! हाय-व्होल्टेज केबलच्या इन्सुलेशनमध्ये राहिलेला बुडबुडा याच न्यायाने आत ठिणग्या पाडत भोवतालचं धडधाकट प्लास्टिक पोखरतो.

मधे प्लेट नसताना याला एकसर म्हणायचं कसं, हा आक्षेप वाजवी आहे. मात्र दोन थरांच्या सीमेवर विभव सगळीकडे सारखंच असतं; तिथे कागदाहून पातळ पत्रा सरकवला तरी वीज भुवईसुद्धा उंचावत नाही. आता सरासरी अगदीच टाकाऊ का? फॅरडे यांनी 1837 च्या सुमारास दोन गोलांमधल्या पोकळीचा फक्त खालचा अर्धा लाखेच्या वाटीने भरला होता. तिथे लाख आणि हवा शेजारी-शेजारी होत्या, एकमेकींच्या डोक्यावर नव्हत्या. आपलं अभ्रकही तसं, निम्म्या प्लेटेखाली पण वरपासून खालपर्यंत बसवलं, तर साडेतीन पट अगदी नेमकी येते. म्हणजे विद्यार्थ्याचे 155 बरोबरच आहेत. आकृती तेवढी काटकोनात फिरवून तपासायला हवी.