मामांचा मागचा ब्रेक

पुण्यात मोटारसायकलच्या सुरक्षा वर्गाला नाव घातलं, की शिकवणी घरातच सुरू होते. मामा बजावतात, "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, गाडी उलटते." वर्गात नेमकं उलटं: गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो. फक्त तो हिसका न देता, हळूहळू दाबायचा. मामांची अख्खी हयात मागच्या ब्रेकवर गेली. आता कुठे भौतिकशास्त्र!

हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं, पट्टाही लावलेला हवा. इथे ते बहुधा कोपरात अडकवतात. डोक्यावर सक्ती नको म्हणून 2019 च्या सुरुवातीला या शहरात मोर्चाही निघाला होता. (कोपरांची कुणी काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट आणले, तर मामी विचारतात, "सीमेवर चाललास का रे?"

वर्गातला सर्वांत अवघड धडा नजरेचा. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावलीत तर खड्ड्यातच. म्हणून खड्डा सोडून मोकळ्या रस्त्याकडे बघा, असं शिक्षक सांगतात. तो कुठे आहे, हे विचारायला तीन हात वर जातात.